आरोग्यविज्ञान ग्रंथालये आणि वैद्यकीय नियतकालिकांची वर्गणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्रात ज्ञान जुने होण्याचा वेग इतर अनेक विद्याशाखांपेक्षा अधिक आहे. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या अभ्यासकाला पन्नास वर्षांपूर्वीचा ग्रंथ आजही आधारभूत वाटू शकतो. परंतु दहा वर्षांपूर्वीच्या उपचारपद्धतीवर विसंबून राहणाऱ्या चिकित्सकाकडून रुग्णाचे अहित होण्याचा संभव असतो. त्यामुळे वैद्यकीय ग्रंथालयात पाठ्यपुस्तकांच्या जोडीने, किंबहुना त्यांहूनही अधिक, महत्त्व नियतकालिकांना प्राप्त झाले. नवे औषध, त्याची मात्रा, त्याचे दुष्परिणाम, एखाद्या शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम ही माहिती प्रथम नियतकालिकात येते आणि पाठ्यपुस्तकात ती पोहोचेपर्यंत काही वर्षे उलटतात. नेमक्या याच साहित्याच्या बाबतीत आरोग्यविज्ञान ग्रंथालये गेली तीन-चार दशके कोंडीत सापडली आहेत.

या कोंडीची चर्चा बहुधा किमतीच्या अंगाने होते. वर्गणी वाढली, अनुदान अपुरे पडले, नियतकालिके बंद करावी लागली, हा क्रम ग्रंथालयशास्त्राच्या परिसंवादांत वारंवार मांडला गेला आहे. तो खराच आहे. परंतु किंमत हा प्रश्नाचा एक भाग झाला. दुसरा आणि अधिक मूलगामी भाग असा की, ऑनलाइन वाचनाचा परवाना संस्थेच्या नावाने दिला जातो. ज्ञानाची निकड मात्र रुग्णाजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीला असते. या दोहोंमधील अंतर जोपर्यंत कमी होत नाही, तोपर्यंत केवळ अधिक निधी देऊन हा प्रश्न सुटणार नाही. या दृष्टीने प्रस्तुत लेखात नियतकालिकांच्या वर्गणीची पद्धत, तिच्यावर योजले गेलेले उपाय आणि २०२५ पासून अमलात आलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना यांची चिकित्सा केली आहे.

संग्रहाकडून परवान्याकडे

छापील नियतकालिकांच्या काळात ग्रंथालयाची भूमिका स्पष्ट होती. वर्गणी भरली की अंक येत. वर्षअखेर ते बांधून घेतले जात आणि बांधीव खंड ग्रंथालयाच्या मालकीचा होई. पुढील वर्षी वर्गणी बंद केली, तरी आधीचे खंड कपाटात राहत. बाहेरगावचा डॉक्टर ग्रंथालयात येऊन ते वाचू शके, एखाद्या लेखाची छायाप्रत टपालाने मागवू शके. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयासारख्या संस्थांनी अशा छायाप्रतींच्या सेवेद्वारे देशभरातील वाचकांची गरज भागवली. ही पद्धत संथ होती, पण तीत वाचक कोण आहे आणि कोठून आला आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रकाशकाला नव्हता.

ऑनलाइन आवृत्त्यांनी हे नाते बदलले. आता ग्रंथालय अंक विकत घेत नाही; ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक वाचकांकरिता, ठरावीक संगणकजाळ्यावरून वाचण्याची परवानगी घेते. संस्थेचा आयपी पत्ता ही या परवानगीची वेस असते. महाविद्यालय आणि त्याचे संलग्न रुग्णालय वेगवेगळ्या ठिकाणी असेल, तर ती दोन स्थळे मानून स्वतंत्र आकारणी होऊ शकते. अन्य ग्रंथालयाला लेख पुरवण्यावर करारात निर्बंध असतात. जुन्या वर्षांचे अंक पुष्कळदा निराळ्या पॅकेजमध्ये ठेवले जातात व त्यांचे मूल्य वेगळे असते. एखादे नियतकालिक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेले, की त्याचा प्रवेश मध्येच खंडित होतो आणि तो पुन्हा मिळवण्यासाठी ग्रंथपालाचा पत्रव्यवहार सुरू होतो. वर्गणी थांबल्यास मागील वर्षांचे अंक वाचता येतील की नाही, हे करारातील एखाद्या कलमावर अवलंबून असते. ते कलम नसेल, तर दहा वर्षे वर्गणी भरूनही अकराव्या वर्षी ग्रंथालयाच्या हाती काहीच उरत नाही.

ऑनलाइन प्रवेशाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. एकाच वेळी अनेकांना एक लेख वाचता येतो, शोध क्षणात लागतो, अंक गहाळ होत नाही. तथापि या लाभांच्या मोबदल्यात ग्रंथालयाने संग्रह करण्याचा आणि तो कोणालाही दाखवण्याचा अधिकार गमावला. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिचा गाभा वाचकाच्या गरजेत आहे. परवान्याच्या पद्धतीत मात्र वाचकाच्या गरजेआधी वाचकाची पात्रता तपासली जाते. हा बदल तांत्रिक नसून तात्त्विक आहे, आणि ग्रंथालयांच्या असमाधानाचे खरे मूळ येथे आहे.

किमतीचे अर्थकारण

सर्वसाधारण बाजारात एका विक्रेत्याने दर वाढवला, तर ग्राहक दुसऱ्याकडे जातो. नियतकालिकांच्या बाबतीत हे घडत नाही. ‘लॅन्सेट’ महाग झाले म्हणून त्याऐवजी दुसरे नियतकालिक घेता येत नाही. कारण ‘लॅन्सेट’मध्ये आलेला लेख दुसरीकडे येणार नसतो. शिवाय वाचणारा आणि पैसे भरणारा निरनिराळे असतात. प्राध्यापक नियतकालिकाची मागणी करतो, देयक ग्रंथालय भरते. हृदयरोगाच्या विभागप्रमुखाला किंमत माहीत नसते आणि ग्रंथपालाला नकार देणे अवघड जाते.

या बाजारातील स्पर्धा प्रकाशनसंस्थांच्या एकत्रीकरणाने आणखी क्षीण केली. २००१ मध्ये एल्सेव्हियरने हार्कोर्ट समूहाचा वैज्ञानिक व वैद्यकीय विभाग घेतला; २००७ मध्ये वायली आणि ब्लॅकवेल एकत्र आले; २०१५ मध्ये स्प्रिंगर नेचर अस्तित्वात आली. अर्थशास्त्रज्ञ मार्क मॅककेब यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जैववैद्यकीय नियतकालिकांच्या दरांची तपासणी केली असता, अशा विलीनीकरणानंतर दर वाढल्याचे आढळले. व्हिन्सेंट लॅरिव्हिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधलेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख पाच मोठ्या प्रकाशकांकडे होते.

१९९६ च्या सुमारास ‘बिग डील’ ही पद्धत आली. प्रकाशकाची सर्व नियतकालिके एकगठ्ठा घ्यायची आणि मोबदल्यात प्रत्येकाचा दर कमी पडल्यासारखा दिसायचा, असे तिचे स्वरूप होते. केनेथ फ्रेझर या अमेरिकन ग्रंथपालांनी २००१ मध्येच या पद्धतीविरुद्ध इशारा दिला होता. एकदा गठ्ठा स्वीकारला, की त्यातील नको असलेली नियतकालिके वगळता येत नाहीत, आणि अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा अडकल्यामुळे लहान संस्थांची व वैद्यकीय संघटनांची नियतकालिके प्रथम बंद करावी लागतात, हा त्यांचा मुद्दा पुढील काळाने खरा ठरवला. एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक सल्लागार मंडळाने, नियतकालिकांवर वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलर खर्च होत असून ही व्यवस्था पेलण्याजोगी राहिली नाही, असे जाहीर केले. त्यांच्या नोंदीनुसार दोन प्रकाशकांच्या ऑनलाइन साहित्याचे दर सहा वर्षांत १४५ टक्क्यांनी वाढले होते. जगातील सर्वाधिक सधन विद्यापीठांपैकी एकाची ही स्थिती असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना करता येते.

भारतीय ग्रंथालयांवर विनिमयदराचा भार वेगळाच असतो. १९९० च्या सुमारास डॉलरला सतरा-अठरा रुपये पडत. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, २००० च्या सुमारास हा दर पंचेचाळीस रुपयांपर्यंत गेला आणि २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे परदेशी प्रकाशकाने पस्तीस वर्षे एका डॉलरचीही वाढ केली नसती, तरी भारतीय ग्रंथालयाचे देयक जवळजवळ पाचपट झाले असते. त्यातच वर्गणी आगाऊ भरावी लागते. रोकॉम ही वर्गणी-वितरक संस्था २००३ मध्ये आणि स्वेट्स २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तेव्हा आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या अनेक ग्रंथालयांचे पैसे अडकले.

प्रकाशकांची बाजू येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. परीक्षणाची व्यवस्था, संपादन, मांडणी, दीर्घकाळ टिकणारा डिजिटल संग्रह, लेखांतील गैरप्रकारांचा तपास या कामांना खर्च येतो. तो शून्य आहे असे कोणी म्हणू नये. परंतु लेखकाला मानधन नाही, परीक्षकाला बहुधा मानधन नाही, संशोधनाचा खर्च पुष्कळदा सार्वजनिक निधीतून झालेला, आणि तरीही एल्सेव्हियरच्या वैज्ञानिक विभागाचा नफा उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक राहतो. तेव्हा आकारणीचा संबंध खर्चाशी आहे की ग्राहकाच्या असहायतेशी, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

सारांशावर चालणारी चिकित्सा

संपूर्ण लेख न मिळाल्यास काय होते? एखाद्या लेखाची सुटी किंमत साधारणतः तीस ते चाळीस डॉलर असते. भारतीय चलनात ही रक्कम तीन हजार रुपयांच्या आसपास जाते. एका रुग्णासंबंधी निर्णय घेण्यासाठी चार-पाच लेख पाहायचे, तर होणारा खर्च कोणत्याही तरुण डॉक्टरच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. परिणामी तो पबमेडवर विनामूल्य दिसणारा सारांश वाचून थांबतो. सारांशात निष्कर्ष असतो. परंतु रुग्णांची निवड कशी केली, किती रुग्ण मध्येच गळाले, पाठपुरावा किती काळ झाला, दुष्परिणाम कोणते आढळले, हे बहुतांशी मूळ लेखातच समजते.

‘प्लॉस मेडिसिन’च्या संपादकांनी २००६ मध्ये डॉ. आर्थर अमन यांचा एक अनुभव नोंदवला आहे. मातेकडून बालकाकडे होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखण्याचे काम करणाऱ्या, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील एका डॉक्टरने केवळ एका सारांशावर विसंबून आपल्या कार्यक्रमातील परिणामकारक उपचार बदलून कमी परिणामकारक उपचार स्वीकारला. संपूर्ण लेख वाचला असता, तर त्या अभ्यासाचा पाठपुरावा अल्पकालीन होता आणि माहिती अपुरी होती, हे त्याच्या ध्यानात आले असते.

दुसरे उदाहरण लायबेरियाचे आहे. २०१४ मध्ये तेथे इबोलाची साथ आली, तेव्हा हा विषाणू पश्चिम आफ्रिकेच्या त्या भागात नाही, असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात १९८२ मध्येच युरोपीय संशोधकांनी लायबेरियातील रक्तनमुन्यांच्या आधारे त्या देशाचा समावेश इबोलाच्या क्षेत्रात करावा लागेल, असे एका युरोपीय नियतकालिकात नमूद केले होते. लायबेरियाच्या आरोग्य खात्यातील वरिष्ठ अधिकारी डॉ. बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ही गोष्ट उजेडात आणली, तशा एका लेखाची किंमत ४५ डॉलर, म्हणजे तेथील डॉक्टरच्या जवळजवळ अर्ध्या आठवड्याच्या वेतनाइतकी असल्याचेही सांगितले. या प्रकरणी सर्व दोष किमतीवर टाकता येणार नाही. संशोधनात स्थानिक डॉक्टरांचा सहभाग नव्हता आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, हेही तितकेच खरे. परंतु ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून ज्ञान निर्माण झाले, त्यांच्याच डॉक्टरांना ते मिळाले नाही. ही विसंगती वर्गणीच्या व्यवस्थेवर टीका करण्यास पुरेशी आहे.

सवलत आणि संघ : उपायांची मर्यादा

या कोंडीवर दोन प्रकारचे उपाय प्रथम योजले गेले. पहिला सवलतीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि प्रमुख प्रकाशक यांनी जानेवारी २००२ मध्ये ‘हिनारी’ हा कार्यक्रम सुरू केला. दरडोई उत्पन्न एक हजार डॉलरहून कमी असलेल्या देशांतील आरोग्यसंस्थांना नियतकालिके विनामूल्य द्यावयाची, अशी त्यामागील कल्पना होती. भारताचे दरडोई उत्पन्न त्यावेळी या मर्यादेहून कितीतरी कमी असूनही भारताला त्यात स्थान मिळाले नाही. कारण येथे प्रकाशकांची लक्षणीय विक्री होत होती. अर्थात निकष गरजेचा सांगितला गेला, वापरला गेला बाजाराचा. जानेवारी २०११ मध्ये काही मोठ्या प्रकाशकांनी बांगलादेशाला हिनारीतून मिळणारी सुमारे २,५०० नियतकालिके काढून घेतली आणि जाहीर टीका झाल्यावर ती परत दिली. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली सवलत हा वाचकाचा हक्क ठरत नाही, हा या घटनेचा बोध होय.

दुसरा उपाय ग्रंथालयांच्या संघाचा. कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी ‘हेलिनेट’ हा संघ उभा केला. राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने २००८ मध्ये ‘इआरमेड’ संघ सुरू करून केंद्र सरकारच्या वैद्यकीय संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा एकत्र आणल्या. स्वतंत्रपणे जे परवडले नसते, ते या संघांमुळे अनेक संस्थांना मिळाले. तथापि संघाने सौदा करण्याची शक्ती वाढवली, सौद्याचे स्वरूप बदलले नाही. प्रवेश सदस्य संस्थेपुरता आणि कराराच्या मुदतीपुरताच राहिला.

या पार्श्वभूमीवर एक अपवाद विशेष लक्षणीय आहे. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ‘कोक्रेन लायब्ररी’चा राष्ट्रीय परवाना घेतला. उपचारांच्या परिणामकारकतेविषयी उपलब्ध पुराव्यांचे पद्धतशीर परीक्षण या संग्रहात असते. भारतात इंटरनेट असलेली कोणतीही व्यक्ती तो वाचू शकत होती. वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णाचे नातेवाईक असा भेद या परवान्याने केला नाही. येथे परवान्याचे एकक संस्था नव्हती, देश होता. सार्वजनिक निधीतून परवाना घ्यावयाचाच असेल, तर तो कसा असावा याचा आदर्श भारतातच तयार झालेला होता. पुढील धोरणाने त्यापासून किती बोध घेतला, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेस मंजुरी दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि अंदाजे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक व संशोधक असा तिचा विस्तार आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राकडे समन्वयाचे काम आहे. वेगवेगळ्या मंत्रालयांचे संघ स्वतंत्रपणे तेच साहित्य विकत घेत होते, ती द्विरुक्ती थांबली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयाला केंद्रीय संस्थेइतकाच प्रवेश मिळाला. सरासरी काढल्यास एका वाचकामागे वर्षाला सुमारे १,१०० रुपये आणि एका संस्थेमागे सुमारे ३२ लाख रुपये पडतात. स्वतंत्र वर्गणीच्या तुलनेत हा खर्च निश्चितच अल्प आहे. बीएमजेसारख्या वैद्यकीय प्रकाशकाचा समावेशही स्वागतार्ह म्हटला पाहिजे.

परंतु आरोग्यविज्ञानाच्या दृष्टीने पाहता तीन उणिवा ठळकपणे जाणवतात.

पहिली उणीव व्याप्तीची. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांनाच या टप्प्यात प्रवेश आहे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेली परिचर्या, भौतिकोपचार, दंतवैद्यक व आयुर्वेदाची महाविद्यालये मोठ्या संख्येने खासगी व्यवस्थापनाची आहेत. एकाच विद्यापीठाचा, एकाच अभ्यासक्रमाचा, एकच परीक्षा देणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या व्यवस्थापनानुसार वाचक ठरतो किंवा ठरत नाही. त्याच्याकडून उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र या भेदाला काहीही अर्थ नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रवेश शिक्षणसंस्थेशी जोडलेला असल्यामुळे शिक्षण संपले की तो संपतो. आंतरवासिता पूर्ण करून प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणारा डॉक्टर ज्या दिवशी एकट्याने निर्णय घेऊ लागतो, त्याच दिवशी त्याचे ग्रंथालय त्याच्यापासून दुरावते. महाविद्यालयात विचारण्यास वरिष्ठ असतात, तज्ज्ञ असतात, चर्चासत्रे असतात. केंद्रात यांपैकी काहीही नसते. जेथे लिखित ज्ञानाची गरज सर्वाधिक, तेथे ते सर्वांत कमी, अशी ही विपरीत वाटणी आहे. योजनेच्या नावात ‘राष्ट्र’ असले, तरी वर्गणी राष्ट्राची नसून काही संस्थांची आहे. २००७ च्या कोक्रेन परवान्याशी तुलना केल्यास हे धोरण विस्ताराने मोठे, पण तत्त्वाने मागे गेलेले दिसते.

तिसरी उणीव मुदतीची. तीन वर्षांनंतर नव्या दराची वाटाघाट होईल, तेव्हा देशातील शासकीय ग्रंथालयांनी आपापल्या वर्गण्या व त्यासाठीची अंदाजपत्रकीय तरतूद पुष्कळशी सोडून दिलेली असेल. खरेदीदार एकच असणे ही ताकद असते. पण त्या खरेदीदाराला माघार घेणे अशक्य असेल, तर तीच दुर्बलता ठरते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियरशी वाटाघाटी थांबवल्या आणि मार्च २०२१ मध्ये आपल्याला मान्य होतील अशा अटींवर करार केला. नकार देण्याची तयारी हेच त्या विद्यापीठाचे बळ होते.

या योजनेबाहेर राहिलेला वाचक काय करतो, हेही उघड गुपित आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत साय-हब या अनधिकृत संकेतस्थळावरून सहा महिन्यांत सुमारे २.८ कोटी लेखांची मागणी झाल्याचे दिसले आणि त्यांत भारताचा वाटा मोठा होता. तीन प्रकाशकांनी २०२० च्या अखेरीस दाखल केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत मार्गाचे समर्थन करता येत नाही. परंतु त्या मार्गावरील गर्दी अधिकृत व्यवस्थेच्या अपयशाचे मोजमाप आहे, हे दृष्टिआड करून चालणार नाही.

मुक्त प्रवेश : आशा आणि आपत्ती

वर्गणीला तात्त्विक पर्याय मुक्त प्रवेशाच्या चळवळीने दिला. फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्याने तिला निश्चित रूप दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एप्रिल २००८ पासून आपल्या निधीतून झालेले लेख प्रकाशनानंतर बारा महिन्यांच्या आत पबमेड सेंट्रलवर खुले करणे अनिवार्य केले आणि जुलै २०२५ पासून हा विलंबही रद्द केला. कोविडच्या साथीत तर वर्गणीच्या प्रकाशकांनीच त्या विषयावरील लेख सर्वांसाठी उघडले. संकटकाळी खुला ठेवता येतो तो दरवाजा एरवी बंद ठेवण्याचे कारण तांत्रिक नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. क्षयरोग आणि सर्पदंश यांनी होणारे मृत्यू रोजचे आहेत म्हणून ते संकट नव्हेत, असे मानता येत नाही.

मुक्त प्रवेश म्हणजे लेखकाने भरमसाट शुल्क भरणे, हे समीकरण मात्र आज रूढ होत आहे. ‘नेचर’ने नोव्हेंबर २०२० मध्ये एका लेखासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केले. असे शुल्क म्हणजे वाचकासमोरची भिंत उचलून लेखकासमोर उभी करणे होय. ज्या महाविद्यालयाला वाचणे परवडत नव्हते, त्याला आता लिहिणे परवडत नाही.

महाराष्ट्रात या समीकरणाला छेद देणारे उदाहरण घडले आहे. मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील कर्मचारी-शिक्षकांच्या संस्थेने १९५५ पासून चालवलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ एकविसाव्या शतकाच्या आरंभीच ऑनलाइन व विनामूल्य झाले. डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ या मुंबईच्या प्रकाशनसंस्थेने अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके वाचकाकडून वा लेखकाकडून शुल्क न घेता खुली केली. त्यामुळे छापील वर्गणीदार घटले नाहीत, असा अनुभव तिने नोंदवला. २०११ मध्ये वॉल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय संस्थेने मेडनो विकत घेतली. दुसरीकडे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांचे लेख एकत्र देणारे ‘मेडइंड’ हे शासकीय संकेतस्थळ आज उपलब्ध नाही. म्हणजे येथे उभे राहिलेले दोन मार्ग होते : एक बाजाराने घेतला, दुसरा शासनाच्या अनास्थेत विरला. परदेशी प्रकाशकांना वर्षाला सरासरी २,००० कोटी रुपये देऊ शकणाऱ्या देशाने स्वतःच्या खुल्या संग्रहाची निगा राखू नये, ही खेदाची बाब आहे.

ग्रंथालये आणि प्राध्यापक यांचे उत्तरदायित्व

केवळ प्रकाशक व शासन यांना दोष देऊन चिकित्सा पूर्ण होत नाही. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या काळात, म्हणजे २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तिची जागा घेईपर्यंत, ग्रंथालयात किती नियतकालिके असावीत याचे मानक ठरलेले असे. त्यामुळे अनेक ठिकाणी तपासणीच्या दिवशी संख्या भरली की काम झाले, अशी वृत्ती बळावली. कोणते नियतकालिक कितीदा वाचले गेले, कोणते कधीच उघडले गेले नाही, याची नोंद ठेवून खरेदीचे निर्णय घेणारी ग्रंथालये थोडीच असावीत. ज्याला आपल्या वाचकाची गरज आकड्यांत सांगता येत नाही, त्याला वाटाघाटीत उभे राहता येत नाही.

प्राध्यापकांचा वाटा याहून मोठा आहे. लेख तेच लिहितात, परीक्षण तेच करतात, संपादक मंडळांवर तेच असतात आणि स्वामित्वहक्काच्या कागदावर न वाचता सही करणारेही पुष्कळदा तेच असतात. बहुसंख्य मोठे प्रकाशक लेखाची स्वीकृत प्रत, काही अटींवर, संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवण्याची मुभा देतात. तिचा उपयोग मात्र फार थोडे जण करतात. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये असे संग्रहण आवश्यक ठरवणारे धोरण जाहीर केले होते. धोरण कागदावर राहिले, कारण पदोन्नतीच्या गुणांकनात लेख कोठे छापला हे विचारले जाते, तो कोणाला वाचता येतो हे विचारले जात नाही.

निष्कर्ष

१. आरोग्यविज्ञान ग्रंथालयांचा प्रश्न केवळ वाढत्या किमतीचा नाही. संग्रहाचा अधिकार जाऊन मुदतबंद परवाना आल्याने ग्रंथालयाचे वाचकाशी असलेले नातेच बदलले आहे.

२. सवलत, संघ आणि राष्ट्रीय योजना या तिन्ही उपायांनी खर्चाचा भार हलका केला, पण प्रवेशाचे एकक संस्थाच राहिले. वैद्यकीय साहित्यापुरते तरी हे एकक बदलून, २००७ च्या कोक्रेन परवान्याप्रमाणे, प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टर, परिचारिका आणि शक्य तेथे प्रत्येक नागरिक यांच्यापर्यंत परवाना न्यावा.

३. २०२७ नंतरच्या करारात खासगी आरोग्यविज्ञान महाविद्यालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचा समावेश, आणि वर्गणी थांबल्यावरही भरलेल्या वर्षांच्या अंकांवर कायमचा हक्क, या अटी असाव्यात.

४. सार्वजनिक निधीतून झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधनाचा स्थायी व खुला राष्ट्रीय संग्रह उभारावा. परदेशी वर्गणीच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ ठरेल.

५. प्राध्यापकांनी आपल्या प्रत्येक लेखाची स्वीकृत प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवावी आणि महाविद्यालयांनी गुणांकनात त्याची दखल घ्यावी. या एका गोष्टीसाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

वैद्यकीय ज्ञानाचा आरंभ रुग्णापासून होतो. त्याचा आजार, त्याचे रक्तनमुने, त्याची संमती यांतून लेख घडतो. तो लेख फिरून रुग्णाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचला, तरच हे वर्तुळ पूर्ण होते. आजच्या वर्गणीच्या व्यवस्थेत ते अपुरे राहते. ग्रंथालयांचे असमाधान हे त्या अपुरेपणाचे लक्षण आहे. त्याला ग्रंथपालांची तक्रार एवढेच समजणे म्हणजे निदानात चूक करणे होय.